बॅकअप आहे ना? मग उघडून दाखवा!

"बॅकअप घेतलास का?" असं विचारणारे आपल्या कॉलेजात ढिगाने सापडतील. "तो उघडून बघितलास का?" असं विचारणारा मात्र मला अजून भेटायचाय. आणि फाइल सिस्टम बदलल्यावर तर हाच एक प्रश्न विचारण्यासारखा उरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

फाइल सिस्टम म्हणजे डिस्कची खतावणी. कुठली फाइल कुठे, कुठल्या नावाने, कोणाच्या मालकीची, सगळं तिथे लिहिलेलं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात आपण आयनोडची आकृती काढतो, मार्क घेतो आणि विसरतो. पण खतावणी लिहायची पद्धत बदलली तरी जुना बॅकअप जुन्याच पद्धतीत राहतो, हे आकृतीत कुठेच नसतं!

मॅकचंच बघा. २०१७ च्या हाय सिएराने एसएसडीवरची एचएफएस प्लस बदलून एपीएफएस केली. टाइम मशीनचे बॅकअप मात्र एचएफएस प्लसवरच राहिले, कारण ते फोल्डरांच्या हार्ड लिंकवर उभे होते आणि एपीएफएसमध्ये ती सोयच नाही. एपीएफएसवर बॅकअप घेता येऊ लागला तो २०२० च्या बिग सरपासून. तोही कसा? बॅकअपची डिस्क आधी पुसायची! त्यापेक्षा लिनक्सचं बीटीआरएफएस शहाणं. तिथे डिस्क बदलून घेतली तरी जुन्या रूपाची प्रत आत ठेवलेली असते आणि ती तुम्ही पुसत नाही तोवर परत फिरता येतं.

आता आमच्या मराठी विभागाचं दुखणं. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीच्या शुद्धलेखनावर हसणाऱ्या मित्रांनो, 'हसणाऱ्या'तला 'ऱ' जरा नीट बघा. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड 'ऱ' (०९३१), दुसरा साधा 'र' (०९३०) आणि खाली नुक्ता (०९३सी). दिसायला सेम टू सेम. एचएफएस प्लस फाइलच्या नावातला 'ऱ' नेहमी फोडून ठेवते. लिनक्सची एक्स्ट-४ नावांचे नुसते बाइट्स बघते. म्हणजे मॅकच्या बॅकअपमधली 'पायऱ्या' आणि लिनक्सवर टाइप केलेली 'पायऱ्या' या तिच्या लेखी दोन वेगळ्या फाइली! एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी बसतात आणि आपण डोळे चोळत राहतो. यावर एका सीनियरचा सल्ला, "फाइलींना इंग्रजी नावं द्या, कटकट संपली." मला हे मुळीच पटत नाही. दऱ्या, सुऱ्या, नोकऱ्या, बऱ्याच... किती शब्द टाळणार? आणि कन्व्हएमव्ही नावाचं छोटं टूल सगळी नावं एका साच्यात आणून देतं. बरं, ते आधी काय काय बदलेल ते नुसतं दाखवतं, सांगितल्याशिवाय हात लावत नाही. (आपल्या लॅबमधल्या काही मंडळींनी हा गुण घ्यावा!)

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे विभागाचे जुने अंक जुन्या मॅकच्या टाइम मशीन डिस्कवर आहेत. लॅबमध्ये सगळी लिनक्स मशीन. "बॅकअप आहे की" म्हणत ती डिस्क फॉरमॅट करून प्रोजेक्टला द्यायचं घाटतंय. अहो, पण तीच तर बॅकअप आहे! लिनक्सला लावली की बऱ्याच फोल्डरांच्या जागी रिकाम्या फाइली दिसतात, म्हणून कोणीतरी "आत काहीच नाही" असं जाहीरही करून टाकलंय. त्या हार्ड लिंक आहेत, लिनक्सला त्या वाचता येत नाहीत, इतकंच.

डिस्क प्रोजेक्टला द्यायला माझी ना नाही. आधी ती मॅकला जोडून अंक बाहेर काढू, नावं सारखी करू, चेकसम जुळवू आणि प्रत्येक वर्षाचा निदान एक अंक उघडून पानं चाळू. दोन दिवसांचं काम आहे. कोणाकडे चालू मॅक असेल तर शनिवारच्या आत मला गाठा.