'मी' कोणता पुरुष?

पहिली-दुसरीच्या मुलांना सर्वनाम शिकवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं आम्हा शिक्षकांत समजलं जातं. नामाऐवजी येतो तो शब्द. मी, तू, तो, ती, ते. फळ्यावर लिहा, गाळलेल्या जागा भरून घ्या, पुढे चला. शाळेच्या व्याकरणात मराठीची मूळ सर्वनामं मोजून नऊ सांगतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यांतली लिंगाप्रमाणे बदलणारी फक्त तीन, तो, हा आणि जो. म्हणजे कागदावर बघितलं तर आपली सर्वनामं बरीच निःपक्षपाती आहेत. 'मी'ला लिंग नाही, 'तू'ला नाही, 'कोण'ला नाही. भानगड सुरू होते ती क्रियापदापाशी, आणि त्याहून जास्त माणसांपाशी.

नामपूर हे बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीच्या काठचं, कांद्याच्या बाजाराचं गाव. इथं घराघरांत अहिराणी बोलतात. अहिराणीत मुलगा म्हणतो 'मी शाळामा जास' आणि मुलगीही म्हणते 'मी शाळामा जास'. तो जास, ती जास. तीच मुलगी शाळेत आली की तिला 'मी जाते' म्हणायला शिकावं लागतं. कुठं जाते, कशाला जाते हे पुढचं. प्रमाण मराठीत तोंड उघडताना आधी आपण मुलगी आहोत हे सांगावं लागतं. (अहिराणीला मी समतेची भाषा म्हणून डोक्यावर घेणार नाही. झालेली गोष्ट सांगताना तीही 'तो वना, ती वनी' असा भेद करतेच.) कोल्हापूरकडच्या बायका तर सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात आणि त्यांचं बाईपण काही कमी होत नाही. उलट गोव्यात नि सिंधुदुर्गात लहान मुलीला नपुंसकलिंगी 'तें' म्हणायची रीत आहे. एवढं सगळं आपल्या आसपास असताना पुस्तकातला एकच साचा जणू आभाळातून पडला, अशा थाटात आम्ही शिकवतो.

सहा वर्षांची पोर 'मी जातो' म्हणाली की वर्ग हसतो. 'तू काय मुलगा आहेस का गं?' हे वाक्य मी कितीतरी वर्गांत ऐकलं आहे, आणि ते बहुतेक वेळा शिक्षकाच्याच तोंडचं असतं. पोर गप्प बसते. तिनं पाटीवर 'मनी माय' लिहिलं की त्यावर काट मारली जाते. 'मना, मनी, मनं' ही काही 'माझा, माझी, माझं' यांची बिघडलेली रूपं नव्हेत. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आणि ती बोलणारे अठरा लाखांच्या वर भरले. दोन्ही रूपं शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली तर पाच मिनिटं जास्त लागतात, इतकंच. पण ज्या मुलीची 'मी'च पहिल्या आठवड्यात चुकीची ठरली, तिच्याकडून चौथीत 'तुझं मत सांग' अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची?

पुढं मुलं मोठी झाली की व्याकरणात पुरुष येतो. 'मी' हा प्रथम पुरुष, 'तू' द्वितीय, 'तो' तृतीय. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचं १९११ साली. आजही वर्गातल्या मुली उभ्या राहून 'मी, प्रथम पुरुष' असं घडाघडा म्हणतात. संज्ञा संस्कृतातून आली आहे हे मान्य, तिथं तर 'मी'ला उत्तम पुरुष म्हणतात! मला या शब्दाविरुद्ध मोर्चा काढायचा नाही. पण त्याच्याच शेजारी बसलेले निबंधाचे विषय बघा: 'मी मुख्यमंत्री झालो तर', 'मी शिक्षक झालो तर'. फळ्यावर 'झालो' आहे म्हणून मुली वहीत 'झालो'च उतरवतात, आणि पुढचा सगळा निबंध बिचाऱ्या धडपडत कधी 'करीन', कधी 'गेलो', कधी 'गेले' असा लिहितात. मग भाषा कच्ची म्हणून गुण कापले जातात. गंमत बघा, पहिलीत 'जातो' म्हणाली म्हणून हसलो आणि सातवीत 'झालो' आम्हीच लिहून दिलं. ३ जानेवारीला मात्र याच मुलींना नऊवारी नेसवून 'मी सावित्री बोलतेय' म्हणायला लावतो.

आता तू आणि तुम्ही. आई आली, बाबा आले. आईला तू, बाबांना तुम्ही. बाबा आईला 'अगं', आई बाबांना 'अहो'. हे मूल शाळेत येण्याआधीच शिकून आलेलं असतं. शाळा फक्त त्यावर शिक्का मारते. आपल्यातल्या काही मैत्रिणींचं म्हणणं असं की आईलाही 'अहो आई' म्हणायला शिकवावं. मला ते पटत नाही. 'तू'मध्ये जवळीक आहे, ती आईकडून काढून घेण्यापेक्षा बापालाही मिळू द्या. कित्येक घरांत 'ए बाबा' रुळलं आहे आणि कुठल्या बापाचं नाक खाली आलेलं नाही.

माझं भांडण दुसऱ्या 'तू'शी आहे. कांदा निवडायला बसलेल्या साठ वर्षांच्या बाईला आठ वर्षांचं पोरगं 'ए बाई, तू सरक' म्हणतं, आणि तेच पोरगं व्यापाऱ्याला 'शेठ, तुम्ही' म्हणतं. दलित वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गावातल्या पोरांनी अरे-तुरे करायचं, ही रीत गावागावांत किती खोल आहे हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. इथला 'तू' जवळिकीचा नाही. हा फरक सात वर्षांच्या मुलाला कळतो का? पक्का कळतो. एका वर्गात मी विचारलं, तुम्ही कुणाकुणाला 'तुम्ही' म्हणता? गुरुजी, सरपंच, डॉक्टर, शेठ अशी नावं आली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं नाव कुणी घेतलं नाही. त्या दारातच उभ्या होत्या. त्या दिवसापासून वर्गात आम्ही एवढंच ठरवलं की मावशी 'आली' नाही, मावशी 'आल्या'. मुलांना दोन दिवसांत सवय झाली. मोठ्यांना अजून व्हायची आहे.

बाजाराच्या दिवशी दिसणाऱ्या तृतीयपंथी माणसाला तो म्हणायचं की ती, असंही एका मुलानं विचारलं होतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. मुलाला निकाल सांगायची गरज नव्हती. 'त्यांनाच विचार' म्हटलं, त्याला पुरलं.

पुस्तकं बदलत नाहीत असं नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, त्यावर बरीच चर्चाही झाली. पण चित्र बदललं तरी त्याखाली आम्ही तोंडी वाक्यं घेतो ती 'तो खेळतो, ती झाडते' हीच.

आणि 'आपण'. इंग्रजीत आम्ही आणि आपण यांना मिळून एकच शब्द आहे. आपल्याकडे ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे सर्वनामच सांगतं. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्तानं १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं, ते 'आम्ही'मधून लिहिलं. तिला बाहेर ठेवणाऱ्यांना 'आपण' म्हणण्याचं तिला काही कारण नव्हतं. आमच्या वर्गांत गुरुजी म्हणतात, 'चला, आपण वर्ग झाडून घेऊ', आणि झाडू मुलींच्या हातात जातो. 'आपण' शिकवायचा तर मी हेच वाक्य घेते आणि झाडू कुणाकडे आहे ते मुलांना बघायला लावते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी निबंधाच्या विषयांचा मुद्दा मांडला. 'मी सरपंच झाले/झालो तर' असं लिहा, म्हटलं. एक गुरुजी हसून म्हणाले, बाई, तिरकी रेघ मारायला खडू जास्त लागेल. खडूचा खर्च मी देते म्हटलं. घटक चाचणीचे विषय आता माझ्याकडेच लिहायला आले आहेत.