चार कोपरे, चौघी जणी

या आठवड्याच्या टपालात एक पत्र असं निघालं, की ते वाचल्यावर बाकीचा गठ्ठा मी बाजूला ठेवला. पत्र लिहिणाऱ्या ताई एका तालुक्याच्या गावी चर्चच्या महिला मंडळाचं काम पाहतात. त्या लिहितात:

"आमच्या मंडळीत नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. स्वमग्न आहे. पेटी-तबला सुरू झाला की कानांवर हात ठेवून ओरडतो. लोक माना वळवून पाहतात. त्याची आई वर्षभर त्याला घेऊन बाहेर कडुनिंबाखाली उभी राहायची आणि खिडकीतून उपासना ऐकायची. गेल्या पावसाळ्यापासून ती येईनाशी झाली. शिवाय चाकाच्या खुर्चीवरचा एक मुलगा आहे, ऐकू न येणारी एक मुलगी आहे. पाळकसाहेबांनी तीन रविवार जाहीर केलं, की या मुलांच्या सेवेसाठी ज्यांना वाटेल त्यांनी नावं द्यावीत. नाव आलं एकच, तेही सत्तरीच्या आजीबाईंचं. माणसांची मनं एवढी कोरडी झाली का हो?"

ताई, मनं कोरडी झालेली नाहीत. ती घाबरलेली आहेत. लग्नघरात "कुणीतरी पोळ्यांचं बघा गं" म्हटलं की साऱ्याजणी एकमेकींकडे बघतात. पण "वहिनी, तेवढी कणीक तुम्ही मळा" म्हटलं की वहिनी पदर खोचून उठतात. तुमची जाहीर विनंतीसुद्धा प्रत्येकीला शेजारणीसाठीच वाटली. तेव्हा आता जाहीर विनंती पुरे. घरी जाऊन, नाव घेऊन विचारायचं.

किती जणींना? मार्कच्या शुभवर्तमानातली दुसऱ्या अध्यायातली गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक. पक्षाघात झालेल्या माणसाला येशूकडे आणलं ते चौघांनी. दारात गर्दी, तर त्यांनी छप्पर उकललं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं. एकट्या माणसाला काही ती बाज पेलली नसती. म्हणून माझं सांगणं एवढंच: एका मुलामागे चौघी जणी शोधा. एका रविवारी दोघी, पुढच्या रविवारी दुसऱ्या दोघी. कुणावर ओझं नाही, आणि मुलाला चारच चेहरे ओळखीचे करायचे. स्वमग्न मुलाला दर वेळी नवं माणूस दिलं तर त्याचा जीव घाबरा होतो.

आता क्रमानं सांगते. सुरुवात त्या आईपासून करा. तिच्या घरी जा, चहा घ्या, आणि "तुम्हाला चालेल का?" हे आधी विचारा. मग एका कागदावर लिहून घ्या: मुलाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, पाणी हवं असेल तर कसं सांगतो, लघवीला जायचं असेल तर काय करतो, फिट येते का, काय खायला द्यायचं नाही. हा कागद म्हणजे तुमची पहिली शिकवणी. तो चौघींखेरीज कुणाच्या हाती जाऊ देऊ नका.

मग काम नेमकं ठरवा. "मुलांची सेवा" म्हटलं की आभाळाएवढं वाटतं. त्याऐवजी म्हणा, "रविवारी साडेनऊ ते अकरा, महिन्यातून दोनदा, सहा महिने." शेवटची तारीख सांगितली की होकार सोपा जातो. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. थांबते म्हणाली तर आभार मानून मोकळं करा. मनाविरुद्ध अडकलेली बाई मुलाला लगेच कळते.

कुणाला विचाराल? ज्या आधीच तीन समित्यांवर आहेत त्यांना नको. मागच्या बाकावर गप्प बसणारी, सुट्टीला आलेली कॉलेजकन्या, निवृत्त शिक्षिका, घरी शिवणकाम करणारी, अशांना विचारा. पुरुषांनाही विचारा बरं का! चाकाची खुर्ची चढवायला दादालोकांचे हात लागतील. आणि त्या आजीबाईंना मुळीच नाही म्हणू नका. शांत बसून मुलाबरोबर मणी ओवायला आजीइतकं योग्य माणूस कोण? ओळखीचं माणूस असलं तरी चौकशी मात्र करा, त्यात संकोच नको.

बहुतेकजणी म्हणतील, "मला त्यातलं काही कळत नाही." त्यांना सांगा, पहिले दोन रविवार नुसतं आईशेजारी बसायचं आणि पाहायचं. पेटी वाजायच्या आधी त्याला सांगायचं, "आता गाणं होणार." त्याची जागा दाराजवळची, रोज तीच. ओरडायच्या आत उठून व्हरांड्यात जायचं. आणि या वेळी उठायचं ते तुम्ही, आई आत बसेल. ऐकू न येणाऱ्या मुलीशी बोलताना तिच्या समोर या, तुमच्या चेहऱ्यावर उजेड असू द्या, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. तिच्या आईकडून 'ये', 'पाणी', 'छान' अशा चार खुणा शिकून घ्या. खुर्चीवरच्या मुलासाठी उतार करायचा तर हिशेब सोपा आहे, पायरी एक इंच उंच असेल तर उतार एक फूट लांब. सहा इंचाच्या पायरीला सहा फूट. त्याहून उभा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याला धाप लागते आणि उतरताना ती हाताबाहेर जाते.

फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. आसपासच्या वस्तू दूर सारा, डोक्याखाली मऊ काही द्या, जमेल तसं कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना.

काही नियम मात्र कडक ठेवा. मुलाबरोबर नेहमी दोघी, आणि दार उघडं. औषध आईनंच द्यायचं. न विचारता फोटो काढायचा नाही. 'बिच्चारा' हा शब्द चर्चच्या फाटकाबाहेर ठेवून यायचा. आणि "कुणाच्या पापाचं फळ" ही कुजबुज ऐकू आली तर योहानाचा नववा अध्याय उघडून दाखवा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं पापही नाही, आईबापांचंही नाही, असं उत्तर त्यांना मिळालं होतं.

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नव्हे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात अंध मुलींना ब्रेल शिकवली जात होती, आणि ती शिकवायला पुढे झाली होती रमाबाईंची लेक मनोरमा. कायदाही आता पुढे आला आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार मोजले होते. २०१६च्या कायद्यात ते २१ झाले, आणि त्यात स्वमग्नताही आली. पण कायदा काही त्या आईला बाकावर बसवायला येत नाही. ते काम शेजारणीचं.

आणखी एक. या मुलांना नुसतं सांभाळून घेऊ नका, त्यांनाही काम द्या. खुर्चीवरच्या मुलाच्या मांडीवर 'उपासना संगीत'ची पुस्तकं ठेवा, दारातून येणाऱ्याला तो एकेक देईल. दानाची थैली त्या मुलीला फिरवू द्या. आईलाही विचारा, तिला गायला आवडायचं का, वाचायला आवडायचं का. कितीतरी वर्षांत तिला हे कुणी विचारलं नसेल.

माझ्या इतर मैत्रिणींनो, "आम्ही कुठे चर्चला जातो!" म्हणून पान उलटू नका. मी नव्यानं संसार मांडला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारणीची मोठी मुलगी मतिमंद होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण धाकटीला घेऊन यायची, थोरलीला घरी ठेवून. चार संक्रांती आल्या नि गेल्या. "तिलाही आणा" हे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत. म्हणायची इच्छा नव्हती असं नाही. ती आली तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. पाचव्या वर्षी त्यांची बदली झाली. त्या मुलीच्या हातावर तिळगूळ ठेवायचा माझा राहून गेला तो राहूनच गेला.

तेव्हा ताई, येत्या रविवारची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच आजीबाईंना बरोबर घ्या आणि त्या आईचं दार वाजवा. दोघी झाल्याच आहेत. उरलेल्या दोघींना नाव घेऊन विचारा, आणि काय झालं ते मला नक्की कळवा.