जखम भरली, मनाचे काय?

अपघातात वा आगीत जबर जखमी झालेला किशोर रुग्णालयातून परतला की धर्मग्रामात आभाराची मिस्सा होते. ते उचितच आहे. परंतु महिना उलटूनही तो रात्री दचकून उठत असेल, तो रस्ता टाळत असेल, अबोल वा चिडखोर झाला असेल, तर त्यास हट्ट किंवा श्रद्धेची उणीव म्हणणे अन्यायाचे होय, असे आम्हांस वाटते. हा आघातोत्तर तणावविकार असू शकतो. १९८० साली मानसोपचारशास्त्राने त्यास हे स्वतंत्र नाव दिले. योग्य समुपदेशनाने तो बरा होऊ शकतो. 'विसरून जा' या (मायेच्याच) उपदेशाने मूल केवळ गप्प होते.

परमगुरुस्वामी सोळावे बेनेडिक्ट यांनी २००६ च्या जागतिक रुग्णदिनाच्या संदेशात मनोरुग्णांचाच विषय घेतला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसोपचारासाठी दाखल होणाऱ्या अल्पवयीनांना प्रौढांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद केली. मात्र हाड मोडून अस्थिरोग कक्षात पडलेल्या मुलाच्या मनाची विचारपूस कोणी करावी? प्लास्टर सर्वांना दिसते. रुग्णभेटीस जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी फळांच्या पिशवीसोबत 'झोप लागते का रे, बाळा?' एवढे तरी विचारावे, आणि टेली-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक पालकांना लिहून द्यावा.