भेट कलम

 

गेल्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळात एक नवं जोडपं आलं. तो डहाणूचा, ती तलासरीची. माझं बालपण डहाणूत गेलं, त्यामुळे गावांची नावं कळल्यावर राहवेना. दुसऱ्याच दिवशी भाताचा कुकर आणि दोन रजया घेऊन मी त्यांच्या घरी गेले. जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की स्वयंपाकघराच्या नावाने पुष्कळदा चार भिंती आणि एक पाण्याची जोडणी एवढंच मिळतं, हे जुन्यांना ठाऊक आहे. ओटा, शेगडी, कपाटं, सगळं आपलं आपण आणायचं. त्या दोघांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर विजेची शेगडी मांडली होती आणि एकुलत्या एका पातेल्यात आधी वरण, मग भात असा स्वयंपाक चालला होता. मला बसायला त्यांनी सूटकेस आडवी करून दिली. मग तिने पिशवीतून वाळवलेल्या चिकूच्या चकत्या काढल्या. "ताई, सध्या एवढंच आहे घरात."

तिकडे ती शाळेत शिकवत होती. इथे तो साडेसातला कामावर जातो आणि तिचा दिवस सुरू होतो. जाताजाता ती म्हणाली, "सगळं नीट आहे हो इथे, पण ताई, दिवसदिवस माझा आवाज माझ्याच कानावर पडत नाही." ते वाक्य मी घरी घेऊन आले. हे संपादकीय त्यातूनच निघालं आहे.

तिने पुढे केलेल्या त्या चिकूला जर्मन भाषेत 'ब्रायआप्फेल' म्हणतात, म्हणजे लापशीसारखं मऊ सफरचंद. नाव काही मला आवडत नाही, पण हे फळ आपल्याकडेही पाहुणंच. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. डहाणू तालुक्यातल्या घोलवडला त्याची लागवड १८९८ साली झाली असं सांगतात. आज डहाणू, घोलवड, बोर्डीच्या पट्ट्यात मैलोन् मैल चिकूच्या वाड्या आहेत आणि २०१६ पासून 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. समुद्रापार जन्मलेल्या झाडाला आपल्या गावाचं नाव कायद्याने मिळालं!

या वाड्या वाढवण्यात इराणी कुटुंबांचा मोठा वाटा होता. यझ्द आणि केरमान भागातले हे जरथोस्ती लोक. तिथे त्यांच्यावर जिझिया कर होता. मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातारिया यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा तो १८८२ साली उठला. पण गरिबी आणि छळ लगेच थांबला नाही, आणि माणसं निघत राहिली. काही मुंबईत चहाच्या दुकानांत शिरली, काही डहाणूकडे आली. माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या इराणी आजी घरात दरी बोलायच्या, बाजारात गुजराती आणि वाडीत वारली. मराठी आमच्यासाठी राखून ठेवलेली. त्यांना कुणी भाषेच्या वर्गाला घातलं नव्हतं. भाषा त्या माणसांकडून शिकल्या.

त्याच वाडीत मी भेट कलम बांधताना पाहिलं. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर करतात. खिरणी, म्हणजे रायण, ही आपल्याच मातीतली. दीड-दोन वर्षांचं, पेन्सिलीएवढ्या जाडीचं खिरणीचं रोप पिशवीसकट उचलून चिकूच्या मोठ्या झाडापाशी नेतात, माच बांधून फांदीच्या उंचीला आणतात. मग रोपाची आणि फांदीची, दोघांचीही, बोटभर लांबीची साल थोड्या लाकडासकट तासून काढतात. उघड्या जागा एकमेकींना अगदी चपखल लावायच्या आणि पट्टीने घट्ट बांधायच्या. या सगळ्यात फांदी आईच्या झाडावरच असते. ती तोडायची नाही. दोन-तीन महिने तिला आईचंही पाणी मिळतं आणि खिरणीच्या मुळांचंही. सांधा पक्का झाला की सांध्याखाली फांदीला आधी अर्धा काप देतात, काही दिवसांनी पुरता. घाई केली की फांदी सुकते. काप द्यायचाच नाही म्हटलं तर कलम कधी जमिनीत लागत नाही.

मंडळात दरवर्षी नवी जोडपी येतात तेव्हा मला हे कलम आठवतं, कारण त्यांना दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, आता तिकडचं विसरा, रोज घरी फोन कशाला. दुसरा म्हणतो, कशाला ते जर्मन शिकता, आपली माणसं आहेत की इथे. मला दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात, आणि दुसरा जास्त, कारण तो मायेपोटी दिला जातो. इथे सरकारी 'इंटिग्रेशन्सकुर्स'मध्ये ६०० तास भाषा शिकवतात आणि १०० तास कायदा, इतिहास, समाज. ब्लू कार्डवर आलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा आहे. पण भाषेवाचून ती मुभा कागदावरच राहते. आणि घरात राहते ती बहुतेक वेळा बायको.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे लिहिणं प्रामाणिक वाटणार नाही. ते कलम बांधत होते ते एक वारली बाबा. वाडी त्यांची नव्हती. बाहेरून आलेल्यांनी डहाणू-तलासरीत जी भरभराट केली, ती ज्यांच्या जमिनीवर आणि ज्यांच्या हातांनी केली, त्यांच्या वाट्याला वेठ आली. इराणी, पारशी, गुजराती, मारवाडी, आणि आपण मराठी म्हणवणारे उच्चवर्णीयही त्या जमीनदार-सावकारांत होते. 'लग्नगडी' हा शब्द आजच्या मुलांना माहीत नाही. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं. कित्येकांचं ते कधीच फिटलं नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले.

या लढ्यात आदिवासींबरोबर उभं राहिलेलं जोडपंही बाहेरचंच होतं. शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाई पुण्यात वाढलेल्या, कायदा शिकलेल्या. पाड्यांवर जाऊन, झोपड्यांत राहून, तिथली बोली ऐकत ऐकत त्या तिथल्या झाल्या. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज तलासरीत गोदावरीबाईंच्या नावाचं महाविद्यालय आहे. आपली ही तलासरीची मुलगी तिथेच शिकली. मी तिला विचारलं, जर्मन शिकशील ना? ती म्हणाली, "आमच्याकडे वारली, मराठी, गुजराती येतेच सगळ्यांना. चौथी जमेल, पण बोलायला कोणीतरी पाहिजे ना ताई."

संजाणला आलेल्या पारशांची दुधात साखरेची गोष्ट आपण परदेशातल्या प्रत्येक भाषणात ऐकतो. तलासरीहून थोडं पुढे गेलं की संजाण लागतं, म्हणून मला त्या गोष्टीची जरा जवळीक आहे. १५९९च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण'मध्ये मात्र दूध-साखर नाही. तिथे राजाच्या अटी आहेत: इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख घालावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. पुढे संजाण पडलं तेव्हा याच लोकांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बारडाच्या डोंगरातल्या गुहांत बारा वर्षं जपला. भाषा बदलली, अग्नी जपला. आपल्या मंडळातही गणपती बसतो, मुलांची मराठी शाळा भरते. हे सोडायचं नाही. पण कार्यक्रमाला शेजारच्या जर्मन कुटुंबांना बोलावलं, असं गेल्या पाच वर्षांत किती वेळा झालं?

समितीने ठरवलं आहे की या वर्षीपासून प्रत्येक नव्या जोडप्याला पहिले तीन महिने एक जुनं कुटुंब सोबत देईल. पत्त्याची नोंदणी, डॉक्टर, कचऱ्याचे चार डबे, रविवारी दुकानं बंद असणं, हे सगळं तर सांगायचंच. शिवाय आठवड्यातून एकदा घरी राहणाऱ्या जोडीदाराबरोबर बाहेर पडायचं आणि त्या वेळात फक्त जर्मन बोलायचं. चुकत का होईना. तलासरीच्या मुलीबरोबर मी डिसेंबरपासून दर गुरुवारी बाजारात जाते. परवा तिने भाजीवाल्या बाईंना भेंडी कशी करतात ते सांगितलं, अर्धं जर्मनमध्ये आणि अर्धं हातांनी. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

फेब्रुवारीत चार नवी कुटुंबं येत आहेत आणि सोबतीसाठी आत्तापर्यंत दोनच घरांनी नावं दिली आहेत. ज्यांना रविवारी दोन पानं जास्त वाढता येतील, त्यांनी महिनाअखेरीपर्यंत समितीला जरूर कळवावं.

— संपादिका