शेठचं शहर, काळ्यांची झडती

पाळी सुटली की गोदीच्या गेटवर आमची अंगझडती होते. हात वर. डबा उघड. पंचा झटक. साहेबाची गाडी मात्र सलाम घेऊन सरळ बाहेर. माझ्या डब्यात भाकरीच्या तुकड्याशिवाय आजवर काही निघालं नाही. तरी झडती रोजची. म्हणून न्यूयॉर्कच्या मायकेल ब्लूमबर्गची हकिगत हाती लागली तेव्हा मी ती बूड टेकून दोनदा वाचली.

मित्रांनो, हल्ली आपल्याच पोरांच्या तोंडी एक बोलणं आहे. 'पैसेवाल्याला निवडून द्या. त्याचं पोट भरलेलं आहे, तो खाणार नाही. कंपनी चालवली तसं शहर चालवील.' ठीक आहे. मग हा शेठ नीट बघून घ्या.

जन्म १९४२. बाप डेअरीत हिशेबनीस, म्हंजे घरचा गब्बर नव्हे. वॉल स्ट्रीटवरच्या सालोमन ब्रदर्स पेढीत पंधरा वर्षं राबला. १९८१ साली पेढी दुसऱ्याच्या हाती गेली नि याला काढून टाकलं. कसं काढलं? हातावर एक कोटी डॉलर ठेवून! आमचा मुकादम काढतो तेव्हा हातावर बिडीसुद्धा ठेवत नाही. त्या पैशातून यानं रोखे-बाजाराचे भाव नि माहिती झटकन पडद्यावर दाखवणारं यंत्र काढलं. मेरिल लिंचनं पहिली वीस घेतली. पुढं जगभरचे बाजारवाले त्या यंत्राचं भाडं भरत राहिले नि हा अब्जाधीश झाला.

२००१ साली मेयर व्हायची हुक्की आली. आयुष्यभर डेमोक्रॅट, पण तिथं गर्दी. मग रिपब्लिकन झाला. पुढं २००७ साली तोही पक्ष सोडला. आपण सदरा बदलतो तसा. स्वतःच्या खिशातले सात कोटींच्या वर डॉलर ओतून निवडून आला. पगार घेतला वर्षाला एक डॉलर. लोक म्हणाले, वा! हा कुणाचा मिंधा नाही.

कामं केली नाहीत असं मी म्हणणार नाही. २००३ साली त्यानं हॉटेलं नि बारमधली सिगारेट बंद केली. तिथल्या वेटरांच्या छातीतला धूर कमी झाला, हे कामगार म्हणून मला कबूल आहे. पण त्याच साली तो असंही बोलला की न्यूयॉर्क हा उंची माल आहे, चैनीची वस्तू म्हणा. माल म्हटला की गिऱ्हाईक आलं. ज्याच्या खिशात दाम नाही तो दुकानाबाहेर. तो मेयर झाला तेव्हा शहराच्या निवाऱ्यांत तीसेक हजार बेघर झोपत होते. २०१३ साली पन्नास हजारांच्या वर.

आणि मिंधा नसलेला माणूस जबाब कुणाला देतो? न्यूयॉर्ककरांनी १९९३ नि १९९६ असं दोनदा मत देऊन ठरवलं होतं, मेयरला दोनच मुदती. २००८ साली या शेठनं नगर परिषदेकडून २९ विरुद्ध २२ मतांनी तो कायदा बदलून घेतला. २००९ साली दहा कोटींच्या वर डॉलर उडवून तिसऱ्यांदा गादीवर. एवढा पैसा ओतून फरक पाच टक्क्यांच्या आत. लोकांनी दोनदा दिलेलं मत एका कंपनीवाल्यानं रद्दीत घातलं.

आता झडतीकडे येतो. रस्त्यात माणूस थांबवायचा, संशय म्हणायचा, अंग चाचपायचं. ही पद्धत त्याच्या आधीचीच, पण याच्या राज्यात तिचा कारखाना झाला. २००२ साली ९७ हजार वेळा. २०११ साली ६ लाख ८५ हजार वेळा. प्रत्येक झडतीचा फॉर्म पोलिसांनी भरला नि तेच कागद पुढं कोर्टात बोलले. १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी निकाल दिला, हे घटनेविरुद्ध आहे. निकालातला हिशेब असा: जानेवारी २००४ ते जून २०१२, माणसं थांबवली ४४ लाख वेळा. १०० मधल्या ८८ वेळा ना अटक, ना दंड. थांबवलेले ५२ टक्के काळे. शहरात काळे किती? चौथा हिस्साही नाही. ज्यांचं अंग चाचपलं त्यांच्यात हत्यार सापडलं शंभरात दीड.

आयुष्यभर आकडे विकून श्रीमंत झालेल्याला हे आकडे वाचता येत नव्हते? येत होते. २०१३ च्या जूनमध्ये तो रेडिओवर म्हणाला की उलट गोऱ्यांनाच जरा जास्त थांबवतो आपण. निकालावर चिडला, अपील केलं. तो म्हणायचा, यानं जीव वाचतात. २०११ नंतर झडत्या घटल्या, २०१३ साली दोन लाखांच्या आत आल्या. खूनही त्याच काळात घटतच गेले. मग कुणाचे जीव वाचवत होता बाबा?

माफी मागितली त्यानं. ब्रुकलिनच्या एका काळ्या चर्चमध्ये, नोव्हेंबर २०१९. आठवडाभरात राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर. मेयर होता तेव्हा बारा वर्षांत चूक दिसली नाही. काळ्यांची मतं लागली तेव्हा दिसली.

हे काळे आपले कोण, असं विचारू नका. बाबासाहेब १९१३ ते १९१६ त्याच शहरात, हार्लेमच्या शेजारी कोलंबियात शिकले. १९७२ साली आपल्या पोरांनी नाव घेतलं तेही ब्लॅक पँथरवरून. तिथं कातडी बघून थांबवतात. इथं आडनाव विचारतात, वस्ती विचारतात, डबा उघडायला लावतात.

उद्या तुमच्या वॉर्डात असा कुणी शेठ हात जोडून येईल. खाणार नाही म्हणेल. खरंच खाणार नाही कदाचित. त्याला एवढंच विचारा: तुझ्या शहरात झडती कुणाची होणार, नि आम्ही नको म्हटलं तर तू घरी जाणार का?

उद्या सकाळी माझी पाळी आहे. डबा उघडावा लागेल.