दिवा कोणासाठी?

सोलापूरकराने दिवाणखान्यात समुद्र आणावा, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यावरचा दिवा निवडण्याच्या पद्धतीला. सात रस्त्यावरचे आमचे एक स्नेही प्रवाळाच्या टाकीसाठी एलईडी घेऊन आले. म्हटलं, "हाच का?" म्हणाले, "वॉट जास्त आहेत, शिवाय सोफ्यावरून झकास दिसतं!"

अहो, वॉट ही खर्चाची बाजू! नुसता खर्च बघून आमची बँकसुद्धा कुणाला कर्ज देत नाही. खोक्यावरचे ल्यूमेन तर माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजलेले. आणि आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळ्याचं कौतुक जास्त. प्रवाळ काही सोफ्यावर बसत नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल पोटभाडेकरू म्हणून राहतं आणि उजेडावर साखर करून भाडं चुकतं करतं. समुद्रात तांबडा उजेड वरच्या वर जिरतो, निळा खोल उतरतो. म्हणून या भाडेकरूला सुमारे ४०० ते ४८० नॅनोमीटरचा जांभळा-निळा उजेड मानवतो. तो दिव्यात किती आणि तळापर्यंत पोचतो किती, हे दुकानदाराला विचारा. अति झाला, तर भाडेकरू घर सोडतो आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं.

आणि त्याही आधी प्रवाळाची जात विचारा. दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तसलं घरी आणलंत, तर आपण काय उजेड पाडला, ते वनखातं सांगेल!