जीवाश्माचा पत्ता

देवघरातल्या शाळिग्रामावरचे चक्र म्हणजे अमोनाइट या नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा, हे आता अनेकांना ठाऊक आहे. ते शाळिग्राम गंडकीचे. पण अमोनाइट तमिळनाडूतही सापडतात, आणि तेही आजच्या किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत, पेरंबलूर जिल्ह्यातील कारै गावाजवळच्या उघड्याबोडक्या माळावर.

हा माळ कावेरी खोऱ्यातील ‘कारै फॉर्मेशन’ या गाळाच्या खडकाचा. भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकापासून सुटला, मध्ये समुद्र शिरला आणि सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळाशी हा चिकणगाळ साचत गेला. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड तेव्हा जन्मालाही आला नव्हता! पावसाने चिरलेल्या या मातीत अमोनाइट आहेत, बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार बेलेम्नाइट आहेत, इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाचे दातही मिळाले आहेत. मधूनमधून चमकतात त्या जिप्समच्या शिरा.

हे सगळे सहज हाती लागते, आणि धोका तिथेच आहे. जीवाश्म कोणत्या थरात होता, त्याच्या वर काय, खाली काय, यावरून त्याचा काळ ठरतो. सुमारे 9 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी जगभरच्या समुद्रांत प्राणवायू कमालीचा घटला होता. इक्थिओसॉर संपले तेही याच काळाच्या आसपास. कारैचे थर त्या काळाचे साक्षीदार आहेत. आठवण म्हणून खिशात टाकलेला अमोनाइट मात्र पत्ता हरवलेले पत्र. शोकेसमध्ये शोभतो, सांगत काही नाही.

याच जिल्ह्यात सातनूरला सुमारे 18 मीटर लांबीचे अश्मीभूत खोड राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपले आहे. उत्तमच. पण खोडाला कुंपण घालता येते, अख्ख्या माळाला कसे घालणार? शेजारच्या अरियलूरकडे सिमेंटसाठी चुनखडीच्या खाणी आहेत. त्यांना सरसकट खलनायक ठरवणेही चूक, कारण कित्येक जीवाश्म खाणींमुळेच उजेडात आले.

केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भूवारसा जतनाच्या विधेयकाचा मसुदा जाहीर केला. सारे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटतात, ही त्यावरची टीका मला रास्त वाटते. ते कलम जरूर बदलावे, पण त्यापायी कायदाच लांबवू नये. आणि रखवालदार नेमायचे तर ते कारैतलेच असावेत. कोणत्या पावसानंतर कोणत्या ओघळीत काय उघडे पडते, हे तिथल्या गुराख्याला आधी दिसते.